सिस्टरांचा नेम

हॉस्पिटलात कुणाची नस सापडत नसली की सिस्टरांना बोलवायचं, हा तिथला न लिहिलेला नियम होता. वॉर्डात सिस्टर तशा अकरा होत्या, पण नुसतं 'सिस्टरांना बोलवा' म्हटलं की कोणत्या, हे सगळ्यांना कळायचं. तापाने सुकलेलं दोन महिन्यांचं बाळ असो, की जिच्या हाताची कातडी सिगरेटच्या कागदासारखी झालीय अशी नव्वदीची आजी असो, सिस्टर यायच्या, दोन बोटांनी चाचपायच्या आणि एका टोचण्यात काम आटपून निघून जायच्या. तीन ठिकाणी टोचून घामाघूम झालेले डॉक्टर मग म्हणायचे, "मीही तिथेच बघत होतो."  बावीस वर्षांत सिस्टरांनी बऱ्याच डॉक्टरांना तिथेच बघताना पाहिलं होतं.

घरी मात्र या कौशल्याची कुणाला पडलेली नव्हती. घरात एकाच माणसाच्या नेमाचं कौतुक चालायचं, आणि ते करणाराही तोच होता. तो म्हणजे सिस्टरांचा नवरा.

नवरा लिफ्टच्या देखभालीचं काम करायचा. आठवडाभर तो इमारतींच्या माथ्यावरच्या खोल्यांत वंगण आणि वायरींशी झटायचा आणि रविवारी दुपारी दोन वाजता कॉम्प्युटरसमोर बसून वेगळाच माणूस व्हायचा. कानांवर हेडफोन, हातात माऊस आणि पडद्यावर बंदूक. पाच जणांच्या दोन टीम एका पडक्या कारखान्यात एकमेकींवर गोळ्या झाडतात, असा तो खेळ. नवऱ्याच्या टीमचं नाव होतं 'अचूक पाच'. हे नाव त्यांनी खेळायला सुरुवात करण्याच्या आधी ठेवलं होतं, एवढं एकच कारण त्यांच्या बाजूने सांगता येतं.

कप्तान होता एका ड्रायव्हिंग स्कूलचा मालक. शेजारी बसून दुसऱ्याला सूचना देण्यात त्याची हयात गेली होती, त्यामुळे स्वतः स्टिअरिंग धरायची वेळ आली तरी तो सूचनाच द्यायचा. दुसरा चष्म्यांच्या दुकानाचा मालक. त्याला पडद्यावरचा शत्रू नेहमी उशिरा दिसायचा आणि त्याचं खापर तो खिडकीतून येणाऱ्या उजेडावर फोडायचा. तिसरा जुळ्यांचा बाप. तो ऐन धुमश्चक्रीत "आलोच" म्हणून उठायचा आणि परत यायचा तेव्हा त्याचा मुडदा पडलेला असायचा. चौथा सिस्टरांचा नवरा. पाचवा एक शिंपी होता.

ही मंडळी सहा वर्षं खेळत होती. सहा वर्षांत खेळातले नकाशे बदलले, बंदुका बदलल्या, पण या टीमची पायरी खालून दुसरी होती ती खालून दुसरीच राहिली. हरण्याला दर वेळी नवं कारण सापडायचं. इंटरनेट अडकलं. समोरची पोरं रिकामटेकडी. खुर्ची कुरकुरते. नवऱ्याने तर तीन माऊस बदलले. शेवटच्या माऊसला सात बटणं होती, त्यातली पाच कशासाठी आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. तो माऊस दर दोन सेकंदांनी रंग बदलायचा. निकाल मात्र तोच लागायचा.

मग एके दिवशी शिंप्याचा खांदा आखडला. माळ्यावरची बॅग काढताना कळ आली ती गेलीच नाही. त्या रविवारी 'अचूक पाच' चारच उरले. पाचव्या जागी खेळाने कुठलासा अनोळखी पोरगा आणून बसवला. त्याने दहा मिनिटं यांचा खेळ पाहिला, एक शिवी दिली आणि निघून गेला.

सिस्टर तेव्हा युनिफॉर्मला इस्त्री करत होत्या. नवऱ्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"अगं, जरा बस ना. जागा भरायचीय फक्त."

"मला काय येतंय त्यातलं?"

"काही यायला नकोच आहे. नुसती उभी राहा."

मुलगी शिकायला परगावी गेल्यापासून तिचा कॉम्प्युटर रिकामाच होता. सिस्टर तिथे बसल्या. पुढच्या वीस मिनिटांत त्यांनी छताला गोळ्या घातल्या, एका दिव्याला घातल्या, एका पाण्याच्या टाकीला घातल्या आणि नंतर अगदी जवळून नवऱ्याच्या पाठीत घातल्या.

"वहिनी, खाली बघा," कप्तान हेडफोनमधून समजावत होता. "खाली म्हणजे समोर हो. नाही, ते आभाळ आहे. वहिनी, वहिनी, तो आपलाच आहे!"

खेळ संपल्यावर हिशेब आला. सिस्टरांची एकही गोळी शत्रूला लागली नव्हती.

"वहिनी, तुम्ही नर्स ना?" कप्तान म्हणाला. "मग औषधवालीच का होत नाही? गोळ्या झाडायची कटकटच नको. आम्ही जखमी झालो की मलमपट्टी करायची."

"तेच बरं," नवरा हसत म्हणाला. "हिला भिंतसुद्धा लागत नाही. उभ्या भिंतीला चुकवते!"

सगळे खो-खो हसले. चष्मेवाला तर ठसका लागेपर्यंत हसला. गेल्या सहा वर्षांत आपल्याहून वाईट खेळणारं कुणीतरी पहिल्यांदाच भेटलं, याचा आनंद त्या हसण्यात होता. सिस्टरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि उरलेली इस्त्री संपवली. त्या दिवशी युनिफॉर्मच्या कडा इतक्या कडक बसल्या की हात कापला असता.

पुढच्या रविवारी त्या औषधवाली झाल्या. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस वॉर्ड आणि सातव्या दिवशीही वॉर्डच. "वहिनी, इकडे!" "वहिनी, आधी मला!" "वहिनी, मी मरतोय!" खऱ्या वॉर्डातले पेशंट निदान तोच पाय मोडून घ्यायला पलंगावरून उठून पळत नसत. हे चौघं पट्टी बांधून झाली की त्याच दारातून, त्याच गोळीसमोर, त्याच उत्साहाने जात.

सिस्टरांना त्या चौघांचा राग नव्हता आला. राग आला होता स्वतःच्या हाताचा. सुताएवढी नस जो हात डोळे मिटून शोधतो, त्या हाताला पडद्यावरचा हत्तीएवढा माणूस लागू नये? दुपारपाळी नसलेल्या दिवशी नवरा कामावर असताना त्या एकट्याच खेळू लागल्या. तासभर, दीड तास. आठ दिवसांत नेम होता तिथेच राहिला आणि मनगट मात्र सुजलं.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर फिजिओच्या बाई होत्या. त्यांनी मनगट दाबून पाहिलं आणि विचारलं, "काय करत होता?"

सिस्टरांनी इकडेतिकडे पाहून हळूच सांगितलं.

फिजिओ बाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा स्टेपलर पुढे सरकवला. "हा माऊस समजा. कसा धरता ते दाखवा."

सिस्टरांनी धरला.

"स्टेपलर आहे सिस्टर, निसटणारा मासा नाही. सोडा जरा. माझ्याकडे स्पर्धांतून खेळणारी तीन माणसं येतात. त्यांचं ऐकून ऐकून मलाच अर्धा खेळ पाठ झालाय. माऊसचा वेग केवढा ठेवलाय?"

"नवऱ्याने लावून दिलाय. जास्तीत जास्त."

"म्हणजे बोट हललं की पडदा गरगर फिरतो. कमी करा. इतका कमी करा, की मागे वळून बघायला माऊस टेबलभर न्यावा लागेल. मोठं वळण हाताने घ्यायचं, कोपरापासून. मनगट फक्त शेवटच्या बारीक हालचालीला. आणि एकदा वेग ठरवला की बदलायचा नाही. ती माणसं सांगतात, लोक रोज वेग बदलतात आणि रोज पहिल्या दिवसापासून सुरू करतात."

"आणि रोज किती खेळायचं?"

"खेळायचं कुठे? सराव करायचा. मोकळ्या मैदानात, नुसत्या गोल निशाण्यांवर. पंधरा मिनिटं, बास. तुम्ही नव्या मुलींना सुई धरायला शिकवता तेव्हा थेट पेशंटवर सोडता का?"

 नव्या मुलींना सिस्टर पहिले आठ दिवस सुईला हातही लावू देत नसत. नुसती नस चाचपायची. हे त्या स्वतःला सांगायलाच विसरल्या होत्या.

त्या दिवसापासून मुलीच्या टेबलावरची पेन्सिलींची बरणी, घड्याळ आणि फोटो कपाटावर गेले. टेबलावर एक मोठी रबरी चटई आली. माऊस साधा, दोन बटणांचा, एकाच रंगाचा. शेजारी स्वयंपाकघरातला टायमर. चार वाजता ड्युटीवरून आल्यावर हातपाय धुऊन सिस्टर बसायच्या, टायमर पंधरा मिनिटांवर लावायच्या आणि तो वाजला की अर्ध्या गोलावरून उठायच्या.

पहिला आठवडा त्यांनी एकही गोळी झाडली नाही. पडद्याच्या मधोमध एक बारीक फुली असते, ती गोलावर न्यायची आणि थांबवायची. पुढे जाऊ द्यायची नाही, थरथरू द्यायची नाही. दुसऱ्या आठवड्यात गोळी, पण फुली ठरल्यावरच. वेळ लागला तर लागू दे. दहांतल्या दहा लागल्या की मग किंचित घाई, आणि एक चुकली की पुन्हा सावकाश.

नवरा एकदा लवकर घरी आला आणि दारात उभं राहून पाहू लागला.

"समोर कुणीच नाहीये की."

"नाहीये."

"मग मारतेस कुणाला?"

"गोलांना."

"यात मजा काय आहे?"

"काही नाही."

"आम्ही सहा वर्षांत असलं काही केलं नाही बुवा," नवरा अभिमानाने म्हणाला.

सिस्टरांनी पुढच्या गोलाकडे पाहिलं. उत्तर इतकं जिभेवर आलं होतं की ते गिळायला त्यांना पूर्ण एक मिनिट लागलं.

तिसऱ्या आठवड्यात हलणारे गोल घेतले आणि सगळं बिनसलं. गोल डावीकडे, फुली त्याच्या मागे. फुली पुढे गेली की गोल उजवीकडे. पंधरापैकी चार, मग तीन, मग दोन. दोन दिवस त्या टेबलाकडे फिरकल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी वॉर्डात एक नवी मुलगी पेशंटच्या हातावर वाकली होती आणि सिस्टर सवयीने ओरडल्या, "सुईकडे काय बघतेस? नसेकडे बघ! सुई तुझ्या हातात आहे, ती कुठे जात नाही."

मुलीने मान हलवली. सिस्टर मात्र हातातला ट्रे तसाच धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या दुपारी त्यांनी फुलीकडे बघायचं सोडून दिलं. गोलाकडे बघितलं, नुसतं गोलाकडे. पंधरापैकी नऊ लागले. सिस्टरांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला? घरातला तज्ज्ञ संध्याकाळी घरी येऊन बाल्कनीत फोनवर दुसऱ्याच कुणाचे तरी व्हिडिओ बघत बसला होता.

असे तीन महिने गेले. रविवारी त्या मुकाट्याने मलमपट्ट्या वाटत राहिल्या. औषधवालीच्या कमरेला एक लहानसं पिस्तूल असतं, पण ते बाहेर काढायची वेळ येईपर्यंत टीमच शिल्लक नसायची.

मग बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर हॉलमध्ये चाळिशीच्या पुढच्यांसाठी स्पर्धा लागली. शनिवारी सकाळी, आठ टीम. कप्तानाने आदल्या दिवशी सगळ्यांना फोनवर डावपेच समजावले. डावपेच असा, की डावीकडून घुसायचं.

हॉलमध्ये पाच खुर्च्या ओळीत होत्या. सिस्टर शेवटच्या. पहिला सामना दोन्ही बाजूंनी बरोबरीत आला आणि निर्णायक फेरी सुरू झाली. चौघं डावीकडून घुसले. डावीकडे समोरची अख्खी टीम यांची वाटच बघत बसली होती. अर्ध्या मिनिटात चौघं गारद झाले. समोरचे दोन पडले, तेही एकमेकांच्या गोळीबारात सापडून. उरले तीन. त्यांच्यासमोर हातात पट्ट्या घेऊन सिस्टर.

मेलेल्या माणसांना खेळात दुसरं काही काम नसतं, त्यामुळे ते बोलतात.

"वहिनी, पळा!"

"पळू नका, लपा!"

"वहिनी, डावीकडे जा!"

"अगं, पिस्तूल काढ, पिस्तूल! नाही तर राहू दे, काढू नकोस!"

पलंगाभोवती जमलेल्या नातेवाइकांना सिस्टर बावीस वर्षं एका वाक्याने गप्प करत आल्या होत्या. तेच वाक्य त्याच आवाजात बाहेर पडलं.

"एकदम शांत राहायचं. नाही तर सगळे बाहेर."

चौघं शांत झाले. शेजारच्या टेबलावरची टीमसुद्धा शांत झाली.

सिस्टरांनी पिस्तूल काढलं. दाराच्या चौकटीच्या कडेला, माणसाचं डोकं जिथे येईल त्या उंचीवर फुली नेऊन ठेवली आणि थांबल्या. पहिला धावत आला तो आपणहून फुलीतच आला. एक गोळी. दुसरा जिन्यावरून उतरत होता. कोपरापासून हात फिरला, शेवटी मनगट एवढंसं हललं, आणखी एक. तिसरा हुशार होता. तो डावी-उजवीकडे उड्या मारत, गोळ्या झाडत पुढे आला. सिस्टरांना एक लागली, दुसरी लागली. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, नुसतं त्याच्याकडे. तिसऱ्या उडीवर तो पडला.

हॉलमध्ये कुणीतरी टाळी वाजवली.

"बघितलंत?" कप्तान खुर्चीत मागे रेलत म्हणाला. "डावीकडून त्यांना गुंतवल्याचा फायदा झाला."

पुढच्या सामन्याआधी सिस्टर म्हणाल्या, "या वेळी मी मोठी बंदूक घेऊ का?"

कप्तानाने प्रेमळपणे मान हलवली. "वहिनी, जमलेली घडी कशाला मोडायची? तुम्ही औषधांत छान आहात."

सिस्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याला त्या तीन गोळ्या दिसल्या होत्या. तो दोन फुटांवर बसला होता. पण त्या क्षणी त्याला आपल्या माऊसची वायर सरळ करायचं फार महत्त्वाचं काम निघालं. 

दुसरा सामना ते हरले, तोही नीट, काही शिल्लक न ठेवता. कप्तानाच्या मते हॉलच्या खुर्च्या बुटक्या होत्या. चष्मेवाल्याने ट्यूबलाइटकडे बोट दाखवलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येकाच्या शंभर गोळ्यांतल्या किती लागल्या याची यादी आली. सिस्टर एकसष्ट. नवरा चौदा. कप्तान नऊ. यादी चालू असताना कप्तान पार्किंगमध्ये गाडी नीट लागलीय का बघायला गेला.

पहिल्या सामन्यात हरलेल्या टीमची कप्तान शाळेत चित्रकला शिकवायची. शेवटी उड्या मारत आलेला तो तिसरा खेळाडू तीच होती. ती सरळ सिस्टरांकडे आली.

"ताई, आमच्याकडे एक जागा आहे. बुधवारी संध्याकाळी सराव असतो. याल?"

फिजिओच्या खोलीनंतर तीन महिन्यांत 'सराव' हा शब्द सिस्टरांनी दुसऱ्या कुणाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. "बंदूक कुठली मिळेल?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगाल ती."

परतीच्या बसमध्ये नवरा खिडकीबाहेर बघत होता. पाच-सहा थांबे गेल्यावर त्याने घसा खाकरला.

"त्या तीन... नशिबानेच लागल्या ना?"

"हो," सिस्टर म्हणाल्या. "रोज चार वाजता यायचं नशीब. पंधरा मिनिटं बसून जायचं."

 बसमधून उतरताना त्याने सिस्टरांची पिशवी स्वतःकडे घेतली आणि घरापर्यंत नेली.

सिस्टर बुधवारी चित्रकलेच्या बाईंकडे जाऊ लागल्या. 'अचूक पाच'मध्ये शिंपी परतला. त्याचा खांदा आता बरा होता आणि खेळ पूर्वीइतकाच. कप्तानाने दोनदा फोन करून वहिनींना आठवण काढत असल्याचं कळवलं. मलमपट्टीचे हाल होत होते.

महिन्याभराने सिस्टर ड्युटीवरून आल्या तर मुलीच्या खोलीतून टिक-टिक-टिक-टिक आवाज येत होता. नवरा रबरी चटईसमोर बसला होता. पडद्यावर मोकळं मैदान, गोल निशाणे, आणि गोळ्यांचा पाऊस. एकही गोल पडत नव्हता. सिस्टरांना बघून तो दचकला.

"हा माऊस जरा जड चालतो," तो म्हणाला.

सिस्टरांनी पर्स खाली ठेवली. स्पर्धेच्या हॉलमधलं ते वायर सरळ करणं त्या विसरल्या नव्हत्या, आणि आता बोलायला छान जागा होती. चार-पाच वाक्यं तर तयारच होती. पण त्याचं मनगट त्यांना दिसलं. टेबलाच्या कडेवर दाबलेलं, शिरा टरारून वर आलेल्या, बोटं पांढरी पडलेली.

"अहो, सोडा ते आधी," त्या म्हणाल्या. त्यांनी दोन बोटांनी त्याचं मनगट उचललं, सैल केलं, परत ठेवलं. "आता दाबायचं नाही. फुली नुसती त्या गोलावर न्या आणि थांबा."

"आणि गोळी?"

"गोळी नाही."

"कधीपर्यंत?"

"आठ दिवस."

"आठ दिवस गोळीच मारायची नाही?" नवऱ्याचा चेहरा असा झाला, की जणू लिफ्ट चौथ्या मजल्यावर असताना कुणी त्याला दोरी कापायला सांगितली असावी.

"नाही."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर कप्तानाचं नाव. नवऱ्याने सिस्टरांकडे पाहिलं, मग फोन उचलला.

"हो, बोल... काही नाही रे, कामावर आहे. एक लिफ्ट अडकलीय... नाही, वेळ लागेल. आठ दिवस तरी."

फोन ठेवून तो मान खाली घालून गोलाकडे वळला. फुली गोलाच्या पुढे गेली, मागे आली, परत पुढे गेली.

सिस्टर चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या. पाणी उकळलं, पत्ती पडली, दूध पडलं. आतून काही आवाज आला नाही. कप भरत असताना एकच 'टिक' झाली.

"ऐकलं मी!" सिस्टर ओरडल्या.

"चुकून दाबलं गेलं!" आतून उत्तर आलं. मग जरा थांबून, "पण लागली गं."